माजी विद्यार्थी मेळाव्यात आपल्या तुकडीचे प्रतिनिधित्व कसे करावे

मेळाव्यात तुकडीच्या वतीने बोलण्याची जबाबदारी आली की बहुतेक जण आधी भाषण लिहायला बसतात. माझ्या मते ते सर्वांत शेवटी लिहावे. व्यासपीठावर उभा राहिलेला प्रतिनिधी सभागृहात आलेल्यांइतकाच न आलेल्यांच्याही वतीने बोलत असतो, आणि त्यांच्याशी आधी संवाद झालेला नसेल तर त्याचे बोलणे हे केवळ त्याचे स्वतःचे मनोगत ठरते.

म्हणून सुरुवात नावांच्या यादीपासून करावी. व्हॉट्सअ‍ॅपवरचा गट म्हणजे संपूर्ण तुकडी नव्हे. वर्गाचे जुने छायाचित्र समोर ठेवून एकेका रांगेतली नावे चार-पाच जणांकडून ताडून घेतली, की गटात नसलेले चेहरे लक्षात येऊ लागतात: मधेच शिक्षण सोडावे लागलेले, एखादे वर्ष मागे राहिलेले, लग्नानंतर नाव बदलल्यामुळे शोधूनही न सापडलेल्या मैत्रिणी. ज्यांच्या हाती आपल्याबरोबर पदवी आली नाही, पण जे आपल्याबरोबर वर्गात बसले, त्यांनाही निमंत्रण आवर्जून पोहोचवावे. आपल्याला मोजले गेले, याचे मोल त्यांनाच सर्वाधिक असते.

संपर्क झाल्यावर ‘काही सांगायचे आहे का?’ असे मोघम विचारू नये, कारण त्यावर शुभेच्छांपलीकडे काही मिळत नाही. ‘आपल्या वर्गाविषयी बोलताना कोणती एक गोष्ट सुटू नये असे तुला वाटते?’ असे विचारले, तर कोणी प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी वीज गेली असता प्रयोगशाळेतील सहायक टॉर्च धरून कसे उभे राहिले ते सांगतो, तर कोणी शुल्क भरायला उशीर झाला असताना वर्गशिक्षकांनी कार्यालयात शब्द टाकला होता ते सांगते. भाषणाचा कच्चा माल हाच. मात्र दुसऱ्याची खासगी अडचण उघड होणार असेल, तर ती आठवण सांगण्यापूर्वी त्या व्यक्तीची परवानगी घ्यावी.

सर्वाधिक काळजी दिवंगत सहाध्यायांच्या उल्लेखाबाबत घ्यावी लागते. ऐकीव माहितीवर एकही नाव घेऊ नये. कुटुंबीयांकडून किंवा निकटच्या मित्राकडून खात्री करून घ्यावी, नावाचा अचूक उच्चार विचारून ठेवावा आणि कुटुंबातील कोणी मेळाव्याला येणार असल्यास त्यांना आधी कल्पना द्यावी. नावे अकारविल्हे वाचावीत. मृत्यूचे कारण सांगू नये, आणि एकाविषयी चार वाक्ये व दुसऱ्याचे नुसते नाव, असा भेद होऊ देऊ नये.

आता भाषण. आयोजकांनी 5 मिनिटे दिली असतील तर साधारण 500 शब्द पुरतात, आणि ते घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहावेत. कोण कोणत्या पदावर पोहोचले याची जंत्री टाळावी. ती कितीही लांबवली तरी कोणीतरी सुटतेच, आणि साधे, कष्टाचे आयुष्य जगणारा सोबती त्या वेळी अवघडून बसतो. त्यापेक्षा दोन प्रसंग नीट सांगावेत. शिक्षकांची टोपणनावे व्यासपीठावर नकोत. ग्रंथपाल, शिपाई आणि प्रयोगशाळेतील कर्मचारी यांचा उल्लेख मात्र नावानिशी करावा. एखाद्या विषयावर तुकडीत मतभेद असतील, तर ‘आम्हा सर्वांना वाटते’ न म्हणता ‘आमच्यापैकी काहींना वाटते’ असे प्रामाणिकपणे म्हणावे.

देणगी जाहीर करायची असल्यास प्रत्यक्ष जमा झालेलीच रक्कम सांगावी आणि ती तुकडीची म्हणून एकत्रित सांगावी. व्यासपीठावरच्या उत्साहात दिलेले आश्वासन पुढे मित्रांना फेडावे लागते.

मेळाव्यानंतर आठवड्याभरात न आलेल्यांना वृत्तांत, छायाचित्रे आणि देणगीचा हिशेब पाठवावा, तसेच सुधारलेली यादी, त्यातील प्रत्येकाच्या संमतीने, पुढच्या प्रतिनिधीकडे सोपवावी.