जंगलासाठी गावाची संमती घेताना या चुका टाळा

हजेरीपटावर सह्या आधी, ठराव नंतर. संवर्धनाच्या कामात सर्वांत जास्त भांडणे या एका सवयीतून उभी राहतात. लोक सही करतात ती सभेला आल्याची. पुढे तोच कागद चराईबंदीला दिलेली संमती म्हणून दाखवला जातो. ठराव सभेतच, सर्वांसमोर लिहा, मोठ्याने वाचा आणि मगच सह्या-अंगठे घ्या. पानांना क्रमांक द्या, एक प्रत गावातच ठेवा.

दुसरी चूक ग्रामसभा ओळखण्यात होते. गट ग्रामपंचायतीत अनेक गावे, पाडे, टोले (छोट्या वस्त्या) असतात. जंगल वापरतो दूरचा टोला आणि ठराव होतो मुख्य गावात. २००६ चा वनहक्क कायदा गावातल्या सर्व प्रौढांच्या सभेला ग्रामसभा म्हणतो आणि पेसा क्षेत्रात, म्हणजे पंचायत विस्तार कायदा लागू असलेल्या आदिवासी भागात, पाडाही स्वतंत्र गाव ठरू शकतो. सरपंचाचे पत्र किंवा वनविभागासोबत जंगल सांभाळणाऱ्या संयुक्त वनव्यवस्थापन समितीचा ठराव या सभेची जागा घेऊ शकत नाही.

गणपूर्तीसाठी, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीसाठी, वनहक्क नियमांचे माप धरा: निम्मे सदस्य हजर आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. १८० प्रौढांच्या टोल्यात ९० जण हवेत आणि ९० आले तर त्यांत ३० बाया. तेवढे जमले नाहीत तर पुढची तारीख घ्या, घरोघर फिरून सह्या गोळा करू नका. मोहफूल आणि तेंदूच्या हंगामात, किंवा माणसे मजुरीला बाहेर गेलेली असताना सभा ठेवली तर ती भरणारच नाही.

माहिती देताना ‘गावाचा विकास होईल’ एवढेच सांगितले, तर लोकांच्या हाती ठरवण्यासारखे काहीच लागत नाही. जंगलाच्या कोणत्या तुकड्याचा कक्ष क्रमांक, किती हेक्टर, किती वर्षे बंद, गुरे कुठून जाणार, सरपण आणि मोह वेचण्याचे काय, गुरे आत शिरली तर काय होणार, पैसे कोणाच्या खात्यात, हे सगळे आधी सांगा. तेही लोकांच्या भाषेत: मेळघाटात कोरकूत, भामरागडला माडियात. नकाशावर बोट ठेवून भागत नाही. गुराखी आणि वनोपज वेचणाऱ्या बायांना घेऊन हद्द पायी फिरा. नाला, देवस्थान, पाणवठा अशा खुणांनी ती पक्की करा. पहिली सभा फक्त माहितीची ठेवा, निर्णयाची किमान १५ दिवसांनी. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात अभ्यासगटात आधी विषय समजून घ्यायचा आणि सर्वसहमतीने ठरवायचे, ही रीत वर्षानुवर्षे चालत आली आहे.

व्याघ्र प्रकल्पातून पुनर्वसन असेल तर चूक फार महागात पडते. आधी वनहक्कांची मान्यता पूर्ण हवी. ग्रामसभेची आणि बाधित माणसांची, अशी दोन्ही संमती लागते. एकीने दुसरी भागत नाही. कुटुंबामागे १५ लाखांचा रोख पर्याय सांगून जमिनीसह पुनर्वसनाचा पर्याय झाकला, तर मिळालेल्या होकाराला माहितीपूर्ण म्हणता येत नाही.

कुंपणाचे खांब उपटले गेले, बंद क्षेत्रात गुरे दिसली, तर लगेच गुन्हा नोंदवू नका. इतिवृत्त काढून बघा: त्या दिवशी गुराखी सभेत होते का, चराईचा शब्द तरी निघाला होता का? नसेल तर काम थांबवून त्याच टोल्यात पुन्हा सभा बोलवा आणि ‘नाही’ असा ठराव झाला तर तोही तसाच नोंदवा.