आयजीव्ही लावताना या चुका टाळा

दर जुलैमध्ये टीममध्ये नवी बॅच येते आणि दर ऑगस्टमध्ये माझ्या टेबलापाशी तीच रांग लागते. "आयजीव्हीत काहीच दिसत नाहीये." आयजीव्ही म्हणजे आयडियल ग्राफ व्हिज्युअलायझर. जावाचं व्हर्च्युअल मशिन (व्हीएम) हॉटस्पॉट, त्यातल्या सी-टू या ऑप्टिमायझिंग कंपायलरने तुमच्या मेथडचं टप्प्याटप्प्याने काय केलं, ते ग्राफ काढून दाखवणारं अवजार. ओपनजेडीके म्हणजे जावाचा खुला सोर्सकोड, त्यातच ते असतं, मेव्हन या बिल्ड टूलने बिल्ड होतं. अवजारात खोट क्वचितच असते. खोट घाईत असते.

पहिली चूक: साधा, उतरवून घेतलेला जेडीके (जावाचा डेव्हलपमेंट किट) वापरणं. ग्राफ बाहेर काढायला लावणारा प्रिंट-आयडियल-ग्राफ-लेव्हल हा फ्लॅग प्रॉडक्ट बिल्डमध्ये नसतोच. व्हीएम तसं स्पष्ट सांगतो, की हा फ्लॅग फक्त डीबग व्हर्जनमध्ये मिळेल. पण ती ओळ वाचतं कोण? मंडळी नेटवरून डायग्नॉस्टिक ऑप्शन उघडणारा फ्लॅग शोधून आणतात आणि तो लावून बघतात. अहो, जे बायनरीत नाहीच, ते उघडणार कुठून? कॉन्फिगरला डीबग लेव्हल 'फास्टडीबग' द्या, मेक इमेजेस चालवा आणि चहा प्यायला जा. मित्राच्या पेनड्राइव्हवरचं तयार बिल्ड मागू नका. ते कुठल्या कमिटचं आहे, हे मित्रालाही आठवत नसतं. बिल्ड झाल्यावर पाथमधल्या जावावर विसंबू नका. मी पूर्ण पाथ टाइप करून आधी व्हर्जन छापून घेतो. त्यात 'फास्टडीबग' हा शब्द दिसल्याशिवाय पुढे जात नाही.

आता माझी लाडकी चूक. लाडकी म्हणजे मीही केलेली. फ्लॅग लावला, प्रोग्राम चालवला आणि व्हीएम धाडकन कोसळला. फोल्डरात 'एचएस-एर' नावाने सुरू होणारी क्रॅश लॉग पडली. मी त्याच आठवड्यात सी-टूमध्ये एक छोटा बदल केला होता, त्यामुळे चोराच्या मनात चांदणं. शुक्रवारची संध्याकाळ आणि अख्खा शनिवार मी तो बदल उसवत बसलो. स्टॅक ट्रेस वाचला, रजिस्टरं वाचली. लॉगची वरची चार वाक्यं तेवढी वाचली नाहीत. तिथे लिहिलं होतं: व्हिज्युअलायझरशी कनेक्शन झालं नाही.

झालं होतं इतकंच, की आउटपुट फाइलचं नाव दिलं नाही तर व्हीएम ग्राफ नेटवर्कवरून पाठवतो: आपल्याच मशिनवर (127.0.0.1), पोर्ट 4444 वर. तिथे ऐकायला आयजीव्ही नसेल तर तो सूचना देऊन गप्प बसत नाही, 'फेटल' म्हणून मरतो. तेव्हा आधी आयजीव्ही उघडा, मग प्रोग्राम चालवा. व्हीएम दूरच्या सर्व्हरवर असेल तर 127.0.0.1 म्हणजे तो सर्व्हर, तुमचा लॅपटॉप नव्हे. एसएसएचने उलटा टनेल टाकता येतो, पण मी फाइलचा फ्लॅग देतो, एक्सएमएल उतरवून घेतो आणि निवांत उघडतो. कंपायलर थ्रेड एकाहून जास्त असतील तर फाइलीही जास्त होतात. पहिलीत मेथड नाही म्हणून लगेच ओरडू नका.

दुसरी मोठी तक्रार, ग्राफ रिकामा. इथे बहुतेक वेळा टेस्ट प्रोग्रामच भिकार असतो. मेथड दहा वेळा बोलावून सी-टू जागा होत नाही. टियर्ड (आधी साधा कंपायलर, मग सी-टू अशा) कंपायलेशनमध्ये सी-टूचा डिफॉल्ट उंबरठा 5,000 कॉलचा आहे. कॉल आणि लूपच्या फेऱ्या मिळून 15,000 झाल्या तरी चालतं, पण त्यातही कॉल किमान 600 हवेत. मेनमध्येच एक लांबलचक लूप लिहिलात तर ओएसआर (ऑन-स्टॅक रिप्लेसमेंट, म्हणजे चालू लूपच्या मधेच कोड बदलणारं) कंपायलेशन होतं. तो ग्राफ लूपच्या मधूनच आत शिरलेला असतो, आणि नवखा त्यात मेथडची सुरुवात शोधत बसतो. मेथड छोटी असेल तर ती कॉलरमध्ये इनलाइन होऊन जाते, म्हणजे तिचा कोड कॉलरच्याच ग्राफमध्ये मिसळतो.

गेल्या वर्षी एका मुलीने फार मनापासून तक्रार आणली, की पार्सिंगनंतरच्या ग्राफमध्ये लूप दिसतो आणि शेवटच्या ग्राफमध्ये गायब. तिचं म्हणणं, टूल नोड गाळतंय. कोड बघितला. बेरीज करत होती आणि उत्तर कुठेच वापरत नव्हती. सी-टूने लूप फेकून दिला होता, आणि त्याचं बरोबरच होतं. तिला म्हटलं, अगं, हेच तर बघायला तू आयजीव्ही लावलंस!

माझी सवय सांगतो. मेथड वेगळी, तिला 'डोन्टइनलाइन'. बाहेरून एक लाख कॉल, प्रत्येक उत्तर एका व्हेरिएबलमध्ये जमा, शेवटी ते छापायचं. 'कंपाइलओन्ली' लावून बाकीचा गोंगाट बंद. आणि एक्स-बॅच, म्हणजे कंपायलेशन संपेपर्यंत थांबायला लावणारा फ्लॅग, नाहीतर मागे कंपायलेशन चालू असतानाच प्रोग्राम संपून जातो.

बाकीच्या किरकोळ. ग्राफच्या फ्लॅगची लेव्हल सुरुवातीलाच सर्वांत वरची देऊ नका, 1 किंवा 2 पुरे. सी-वनचे, म्हणजे सी-टूआधीच्या साध्या कंपायलरचे ग्राफ इथे शोधू नका. आयजीव्ही स्वतः नेटबीन्स प्लॅटफॉर्मवर चालतं, त्याला ताजा बिल्ड केलेला जेडीके देऊ नका. रीडमीत सांगितलेल्या व्हर्जनचा वेगळा ठेवा. आणि हजार नोडांचा ग्राफ पूर्ण झूम-आउट करून "काही कळत नाही" म्हणत माझ्याकडे येऊ नका. एक फाय नोड (वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या किमती एकत्र आणणारा) शोधा, त्याचे शेजारी निवडा, बाकीचे लपवा, मग या. चहा मी सांगतो.