संशय आणि लाज घेऊन आलेल्या विश्वासणाऱ्याशी कसं बोलावं

मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, समुपदेशनाला बसते तेव्हा पहिल्या भेटीत मी पवित्र शास्त्र (बायबल) उघडत नाही. समोरच्याला वचनं पाठ असतात. संडे स्कूलची शिक्षिका, पाळकांचा (पास्टरांचा) मुलगा, उपासनेत गाणी घेणारा तरुण, हीच माणसं सगळ्यात उशिरा येतात. आपल्या संशयामुळे इतरांचाही विश्वास डळमळेल, ही भीती त्यांना वर्षानुवर्षं गप्प ठेवते.

मध्ये टेबल ठेवू नका. बोललेलं बाहेर जाणार नाही हे आधीच सांगा. जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर अत्याचार होत असेल तर मात्र गप्प राहता येणार नाही, हेही तेव्हाच सांगून टाका. मग ऐका. शास्त्रातल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री काही न बोलता त्याच्याजवळ बसले होते, तोवर त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडल्यावर बिघडलं.

थोडं मोकळं झाल्यावर मी एक प्रश्न विचारते: देव तुमच्याकडे पाहतो तेव्हा त्याचा चेहरा तुम्हाला कसा दिसतो? ‘रागावलेला’ किंवा ‘तो पाहतच नाही’ असं उत्तर आलं, की त्या माणसाला आधी युक्तिवाद देऊन उपयोग नसतो. तो चेहरा कुणासारखा वाटतो, हे त्याला सावकाश सांगू द्या.

संशय कुठून आलाय हे पाहणं सगळ्यात महत्त्वाचं. बुद्धीचा प्रश्न असेल तर खरं उत्तर द्या, नसेल तर ‘मला ठाऊक नाही’ म्हणा. प्रार्थना करूनही माणूस गेला, त्या दुःखातून संशय आला असेल तर मी ८८ वं स्तोत्र मोठ्याने वाचते. ते अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची एकही ओळ नाही, आणि तरी ते शास्त्रात आहे. हे कळल्यावर कितीतरी जण पहिल्यांदा रडतात. आणि थकव्यातून आला असेल तर एलीया आठवा. ‘माझा प्राण घे’ म्हणणाऱ्या त्या संदेष्ट्याला देवदूताने भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला उठवलं. म्हणून झोप, भूक, काम यांबद्दल विचाराच. मरणाचे विचार येतात का, हेही थेट विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर ‘हो’ असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांची मदत मिळवा.

लाजेबाबत मला कळकळीने सांगायचंय. ‘मी वाईट केलं’ आणि ‘मीच वाईट’ ही दोन वेगळी ओझी आहेत. खरोखर काही केलं असेल तर ते मोघम ठेवू नका. नाव घेऊन कबूल करू द्या, १ योहान १:९ (पाप कबूल केलं तर देव क्षमा करतो, हे वचन) वाचा, शक्य तिथे नुकसान भरून द्यायला मदत करा. येशूचा शिष्य पेत्र याने कोळशाच्या विस्तवाजवळ प्रभूला, म्हणजे येशूलाच, ओळखायला नाकारलं. पुढे प्रभूने त्याला समुद्रकाठी पुन्हा तशाच विस्तवाजवळ आधी जेवू घातलं, मग प्रीतीविषयी तीनदा विचारलं आणि दर वेळी कामही सोपवलं. हाच क्रम मी धरते.

पण लाज दुसऱ्याने केलेल्या अत्याचाराची असेल, तर पश्चात्तापाची प्रार्थना कदापि करवून घेऊ नका. ‘यात तुमचं पाप नाही’ असं स्पष्ट म्हणा, आणि क्षमेचा विषय तुम्ही काढू नका. आधी ती व्यक्ती सुरक्षित आहे का ते बघा.

काही जण तेच पाप पुन्हा पुन्हा कबूल करतात, क्षमा झाली ना म्हणून दर दोन दिवसांनी विचारतात. हा विश्वास कमी असल्याचा पुरावा नव्हे; ओसीडी (नकोसे विचार पुन्हा पुन्हा येणं आणि त्यापायी तीच कृती करत राहणं) हा आजार धार्मिक रूपातही येतो. दर वेळी दिलासा दिला की चक्र घट्ट होतं. त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा, आणि जाणं म्हणजे देवावर भरवसा नाही असं कुणी म्हटलं तर तुम्ही त्यांच्या बाजूने बोला.

निरोप घेताना प्रार्थना करू का, असं विचारा. ‘नको’ आलं तर करू नका. करायचीच तर मार्क ९ मध्ये आजारी मुलाला येशूकडे आणणाऱ्या बापाची पुरे, ज्याने एकाच दमात आपला विश्वासही सांगितला आणि अविश्वासासाठी मदतही मागितली. पुढच्या भेटीचा दिवस ठरवा. मध्येच त्यांनी उपासनेला यायचं थांबवलं तरी तो दिवस पाळा, आणि ‘रविवारी दिसला नाहीत’ असं म्हणू नका.