ओपलच्या गावात खून पाडायचा असेल तर

पुण्यात बसून ऑस्ट्रेलियातल्या खाणीच्या गावावर खूनकथा लिहायची खाज मलाही आली होती, त्यामुळे कुणाला हसणार नाही. पण पहिला ड्राफ्ट अ‍ॅडलेडच्या मावसभावाला पाठवला तर त्याचा एकच मेसेज, "दादा, तुझा इन्स्पेक्टर रॉकेटने गेला का?" कारण माझा इन्स्पेक्टर सकाळी अ‍ॅडलेडहून गाडी काढतो आणि दुपारी जेवायला कूबर पेडी नावाच्या ओपलच्या (म्हणजे रंगीत चमकणाऱ्या रत्नाच्या) गावात हजर. अंतर साधारण ८५० किलोमीटर. म्हणजे पुण्याहून निघून नागपूरसुद्धा मागे टाकायचं, आणि वाटेत शिरूर नाही, नगर नाही, मिसळ नाही, पोर्ट ऑगस्टा सोडलं की पुढचे पाचशे किलोमीटर जवळजवळ काहीच नाही.

तर आधी अंतरं लिहून काढा. मी महावितरणच्या बिलाच्या मागे लिहिली. मोठे पोलीस कुठून येणार, पोस्टमॉर्टेमला बॉडी कुठे जाणार, किती तास लागणार. ते येईपर्यंत सगळं सांभाळणार गावातलाच पोलीस, आणि त्याने मेलेल्या माणसाबरोबर गेल्या शुक्रवारी बिअर प्यायलेली असते, संशयिताबरोबर पण. वाड्यात चोरी झाली की चोर कोण ते सगळ्यांना माहीत असतं पण बोलत कुणी नाही, तसलं वातावरण. माझ्या मते गोष्टीतला सगळ्यात भारी दिवस हा पहिलाच, त्याला निदान तीन प्रकरणं द्या.

आता जागा. कूबर पेडीत १९१५ साली ओपल सापडलं, तेही एका चौदा वर्षांच्या पोराला, आणि तेव्हापासून लोक नुसते खणतायत. शाफ्ट म्हणजे मीटरभर रुंद, सरळ खाली जाणारं भोक. वीस मीटर खोल म्हणजे किती हे मला कळेना म्हणून आमच्या सात मजली बिल्डिंगच्या गच्चीवरून डक्टमध्ये वाकून बघितलं, खाली कुणाचे तरी कपड्यांचे चिमटे पडलेले ते दाण्याएवढे दिसत होते, पोटात गोळा आला. तिथे असली भोकं गावाबाहेर मैलोन्मैल आहेत, पळू नका, उलटं चालू नका असे बोर्ड लावलेले असतात (फोटो काढताना मागे सरकणारा माणूस डोळ्यासमोर आणा). पण म्हणून बॉडी भोकात टाकली आणि संपलं असं करू नका, ते सगळेच करतात. तिथे ब्लोअर नावाचा ट्रक असतो, मोठ्ठा व्हॅक्यूम क्लीनरच, खालची माती ओढून वर ढिगावर ओततो. त्या ढिगात उरलंसुरलं ओपल शोधत बसण्याला नूडलिंग म्हणतात, टुरिस्ट पण बसतात. तुमचं शर्टाचं बटण त्या टुरिस्टला सापडू द्या.

बरेच लोक जमिनीखाली खोदलेल्या घरात राहतात, आत बारा महिने २३ ते २५ अंश, बाहेर उन्हाळ्यात ४५ च्या वर. यातून काय होतं बघा, आत मेलेला माणूस हळूहळू गार पडतो आणि मृत्यूची वेळ बऱ्यापैकी सांगता येते, पण खुन्याने त्याला उन्हात नेऊन टाकला की मढं गार पडायच्या ऐवजी तापतं आणि डॉक्टरचं गणितच बोंबलतं.

मोटिव्ह शोधायला लांब जाऊ नका. दुसऱ्याच्या खाणीत रात्री घुसून ओपल पळवणाऱ्याला ओपलवाल्या गावांत रॅटर म्हणतात आणि ही तिथली सगळ्यात घाण शिवी समजा. सोनं हवं असेल तर पश्चिम ऑस्ट्रेलियातलं कालगुर्ली घ्या, तिथे सोन्याच्या चोऱ्यांसाठी पोलिसांचं वेगळं पथकच आहे. मोठी कंपनीची खाण असेल तर खाली जाताना बोर्डावर टॅग लावायचा आणि वर आलं की काढायचा, सुरुंग उडवण्याआधी खाली कुणी राहिलं नाही हे त्यावरूनच बघतात. कुणीतरी दुसऱ्याचा टॅग काढला, एवढंच लिहा.

तिथला आदिवासी माणूस फक्त माग काढायला आणू नका प्लीज, आणि मराठी आयटीवाला तर नकोच. आपलं कनेक्शन पाहिजेच असेल तर १८६६ मध्ये कराचीहून तिकडे उंट आणि उंटवाले गेले होते, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. त्यांच्या पणतूला घ्या.

आणि माझी लाडकी गोष्ट ब्रोकन हिल या खाणीच्या गावाची. गाव न्यू साउथ वेल्स राज्यातलं, म्हणजे राजधानी सिडनी, पण घड्याळ चालतं अ‍ॅडलेडचं, सिडनीच्या अर्धा तास मागे. आता संशयित पबमध्ये शिरला नऊ वाजता, दहा साक्षीदार आहेत. गोळीचा आवाज ऐकून शेजारणीने सिडनीतल्या बहिणीला फोन केला, तो बहिणीच्या डायरीत नऊ वीसला. सुटला की गडी! पण गावच्या घड्याळात तेव्हा आठ पन्नास झाले होते. फक्त हे शेवटच्या पानावर समजावत बसू नका, सुरुवातीलाच सिडनीहून आलेली एखादी बाई हातातलं घड्याळ अर्धा तास मागे करताना दाखवा, आणि मग त्याबद्दल दीडशे पानं अवाक्षर काढू नका.