मुलांच्या कपड्यांचं कपाट लावताना या चुका टाळा

ओळखीतल्या घरांतून मला मुलांचे कपडे लावून द्यायला बोलावणं येतं. बहुतेक ठिकाणी मी पोचायच्या आधीच डबे येऊन पडलेले असतात. एकसारखे, झाकणाचे, चिठ्ठी चिकटवायची जागा असलेले. डब्यात काय जाणार, किती जाणार, हे अजून कुणी पाहिलेलं नसतं. मग कपडे त्या डब्यांत कोंबले जातात आणि महिन्याभरात पुन्हा खुर्चीवर ढीग. डबे सगळ्यात शेवटी आणा. आधी कपडे बाहेर काढून मुलाच्या अंगाला लावून पाहा. मी आवरलेल्या जवळजवळ प्रत्येक कपाटातून मुलाला न होणारे पुष्कळ कपडे निघाले आहेत. ते गेले की जागेची तक्रारही बरीचशी जाते.

लहान झालेला कपडा धुऊन परत कपाटात

ही चूक मी घरोघर पाहते आणि माझ्याही घरात वर्षभर होत होती. थोरली सहा वर्षांची असताना एकदा शाळेत फोटो काढायचे होते, पांढरा शर्ट हवा होता. खणात चार पांढरे शर्ट आहेत म्हणून मी निर्धास्त होते. सकाळी पहिला घातला तर गळ्याचं बटण लागेना. दुसऱ्याच्या बाह्या मनगटाच्या वर. तिसरा घाईत ओढून चढवला आणि काखेतली शिवण उसवली. पोर रडायला लागली, धाकटा तिचं पाहून रडायला लागला, आणि अंगाला बसणारा चौथा शर्ट सगळ्यांत खाली होता. तो सापडेपर्यंत शाळेची गाडी निघून गेली.

नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं की ते तिन्ही शर्ट लहान झालेत हे मला ठाऊक होतं. आदल्या पंधरवड्यातच त्यातला एक तिच्या डोक्यातून काढताना कान ओढले गेले होते. पण काढला तो धुण्यात टाकला. धुतला मी, वाळत घातला मी, घडी नवऱ्याने केली आणि खणात ठेवला. कपडा घट्ट झालाय हे अंगातून काढणाऱ्याला कळतं. घडी करणाऱ्याला ते कळायचा काही मार्गच नसतो.

तेव्हापासून धुण्याच्या बादलीशेजारी एक जुनी कापडी पिशवी टांगलेली असते. काढताना घट्ट लागलेला कपडा बादलीत जात नाही, थेट पिशवीत जातो. डाग असेल तर आधी गार पाण्यात खळबळून, वाळवून. पिशवी भरली की तेवढंच धुणं वेगळं काढायचं, आणि वाळल्यावर ते सगळं एकतर धाकट्याच्या डब्यात नाहीतर दुसऱ्या कुणाच्या घरी. कपाटात त्यातलं काही परत जात नाही. मुलांनाही हे जमतं. माझा धाकटा चार वर्षांचा असताना “टोचतंय” म्हणून स्वतःच चड्डी पिशवीत टाकायचा.

सगळं एका रविवारी उरकू म्हणणाऱ्यांना मी नेहमी थांबवते. दुपारी बारापर्यंत पलंगावर डोंगर होतो, चारला कुणीतरी झोपायला येतं आणि डोंगर जसाच्या तसा कपाटात परत जातो. एका दिवशी एक खण पुरे. शिवाय मूल वाढायचं थांबत नाही. पहिल्या वर्षात बाळाची उंची साधारण २५ सेंटिमीटरने वाढते, दुसऱ्या वर्षात १० ते १२, आणि तीन वर्षांनंतर वयात येईपर्यंत वर्षाला ५ ते ६ सेंटिमीटर. तान्ह्या बाळाचा खण मी दर महिन्याला चाळते, शाळेत जाणाऱ्या मुलाचा तीन-चार महिन्यांनी. एकदाच लावून कायमचं मोकळं होता येईल असं हे काम नाही, आणि तसं सांगणाऱ्या झटपट युक्त्यांवर माझा विश्वास नाही.

डब्यावर वय लिहिणं

थोरलीचे कपडे धाकट्यासाठी ठेवताना मी डब्यावर “२ वर्षे” असं ठळक लिहिलं होतं. त्यात हाताने विणलेला एक स्वेटर होता, तिने जेमतेम एक हिवाळा घातलेला. धाकटा दोन वर्षांचा झाला तो ऐन उन्हाळ्यात. त्याच सुमारास डबा उघडला, स्वेटर अंगाला लावून पाहिला, छान बसत होता. थंडी आली तेव्हा बाह्या मनगटाच्या वरच थांबल्या. विणणाऱ्या हातांना मी काय सांगणार होते?

मुलं वयाच्या चिठ्ठीप्रमाणे वाढत नाहीत, आणि दोन कंपन्यांचं “दोन ते तीन वर्षे” कधी एकसारखं नसतं. युरोपातल्या कपड्यांवर बहुधा मुलाची उंचीच सेंटिमीटरमध्ये लिहिलेली असते: ९२, ९८, १०४, ११०, म्हणजे सहा-सहाच्या पायऱ्या. मला ती पद्धत पटते. आकड्याची पट्टी नसेल तर आज अंगाला नीट बसणारा एक शर्ट घ्यायचा, त्यावर ठेवायचा कपडा पसरायचा आणि अंदाजाने उंची लिहायची. त्याहून महत्त्वाचं म्हणजे डबा कधी उघडायचा ते लिहायचं. माझ्या डब्यांवर आता “१०४, थंडीआधी एक महिना उघडणे” असं असतं. लोकरीच्या कपड्यांचा डबा वेगळा, आणि तो जरा लवकरच उघडायचा. थोडा मोठा स्वेटर चालतो, तोकडा नाही.

याच हिशेबाने “वाढत्या अंगाचे” कपडे घेतानाही हात आखडा. एक माप मोठं म्हणजे तीन वर्षांपुढच्या मुलासाठी साधारण वर्षभराची सोय. दोन मापं मोठं घेतलं तर पहिलं वर्ष मूल पायघोळात अडखळतं, आणि माप बसेपर्यंत गुडघे विरलेले असतात.

डाग आणि डांबरगोळ्या

न धुता किंवा वरवर धुऊन ठेवलेला कपडा डब्यात पिवळा पडतो. दुधाचे, उलटीचे डाग वाळल्यावर दिसत नाहीत म्हणून लोक फसतात, पण वर्षाने ते गळ्याभोवती उमटतातच. असे डाग आधी गार पाण्यात भिजवा. गरम पाण्याने ते धाग्यात पक्के बसतात. कांजी केलेला कपडा तसाच ठेवला तर कसर लागते. लोकरीला कीड लागते तीही घामाच्या, सांडलेल्या अन्नाच्या जागी आधी. म्हणून स्वच्छ धुऊन, खडखडीत वाळवून, घट्ट झाकणात. मी दुसरं काहीच घालत नाही.

डांबरगोळ्या तर मुळीच नाही, आणि याबाबत मी कुणाचं ऐकून घेत नाही. नॅप्थलीनची वाफ कपड्यात मुरते. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मतः कमतरता असलेल्या बाळाला असे कपडे घातले तर त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात आणि कावीळ जोर धरते. आपल्या बाळाला ही कमतरता आहे की नाही हे कित्येक घरांत माहीतही नसतं. शिवाय पांढरी गोळी रांगत्या मुलाला खाऊसारखी दिसते. एका घरी दुपटी आणि झबली त्या वासाने भरलेली होती आणि बाळ आठ दिवसांवर आलेलं. सगळे कपडे बाहेर काढून दोनदा धुवायला लावले, भर उन्हात वाळवले, तरी वास राहिलेले टाकून दिले. घरच्यांना वाईट वाटलं, पण मी पुन्हा तेच करेन.

बाकीचं थोडक्यात. घड्यांचे उंच ढीग करू नका, खालचा शर्ट ओढला की सगळे कोसळतात. खणात घड्या उभ्या लावा. मोजे सगळे एकाच रंगाचे घ्या. रोजचे कपडे मुलाच्या हाताला येतील तिथे ठेवा, वरच्या फळीवर नाही. मात्र खणांचं कपाट भिंतीला पक्कं करून मगच. उघड्या खणांची पायरी करून मुलं वर चढतात आणि कपाट अंगावर येतं.

आणि दुसऱ्यांकडून आलेलं बोचकं थेट कपाटात रिकामं करू नका. प्रत्येक कपडा हातात घ्या, सैल बटण ओढून पाहा, टोपीच्या आणि गळ्याच्या नाड्या बघा. घसरगुंडीत किंवा दारात त्या अडकल्या तर गळफास बसतो. युरोपातल्या मानकांनुसार सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना टोपीशी किंवा गळ्याशी अशी नाडी चालतच नाही, पण जुन्या कपड्यांत ती हमखास सापडते. मी ती ओढून काढते आणि दोन्हीकडची भोकं त्याच बैठकीत शिवून टाकते.