मंडळीत पुढारीपण आलंय? सुरुवात किल्ल्यांपासून करा

ऐरोलीतल्या आमच्या ख्रिस्ती प्रार्थना गटाची जबाबदारी माझ्यावर आली तेव्हा मी आधी सगळ्या किल्ल्या स्वतःकडे घेतल्या. हॉलची, कपाटाची, माइकच्या पेटीची. एका रविवारी मी तापाने फणफणलो, फोन बंद पडला, आणि चाळीसेक माणसं पाऊण तास जिन्यात ताटकळली. त्यात दोन आजीही होत्या. वाईट याचं वाटलं की हे सगळं मी सेवा समजून करत होतो.

तरुण संघ असो, महिला मंडळ, संडे स्कूल किंवा घरगुती प्रार्थना, ठाण्यात-नवी मुंबईत कुठेही तुम्हाला पुढे केलं असेल, तर माझी चूक तुम्ही करू नका.

आधी काम वाटा. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात इस्राएली लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करत बसलेला असतो. सासरा इथ्रो ते पाहतो आणि स्पष्ट सांगतो की हे ठीक नाही, तू थकशील आणि हे लोकही थकतील. मग हजार, शंभर, पन्नास, दहा अशा गटांवर विश्वासू माणसं नेमायला लावतो. ‘लोकही थकतील’ हे मला जिन्यातल्या त्या आजींमुळे कळलं.

एका वहीत रविवारची सगळी कामं लिहा: खुर्च्या, गीतांची निवड, वचनवाचन, चहा, आजाऱ्यांच्या भेटी. प्रत्येक कामापुढे तुमचं सोडून दुसरं एक नाव घाला. काम देताना अधिकारही द्या. चहा ज्यांच्याकडे आहे त्यांनी दूध किती आणावं हे तुम्हाला विचारायला येता कामा नये. सुरुवातीला चुका होतीलच. कीबोर्डवरचा मुलगा सूर चुकेल, तरी मध्येच उठून त्याला बाजूला करू नका. पौल आणि बर्णबा या प्रेषितांबरोबर सेवेला निघालेला योहान मार्क एकदा काम अर्धवट सोडून परतला होता. पौल त्याला पुन्हा बरोबर न्यायला तयार नव्हता, बर्णबाने मात्र त्याला सोबत घेतलं. आणि पुढे त्याच पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलं की मार्कला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मला तर बर्णबाशिवाय हा शेवट दिसतच नाही.

दानार्पण कधीही एकट्याने मोजू नका. उपासना संपली की तिथेच, दोघांनी मोजायचं, दोघांनी सही करायची, आकडा मंडळीला सांगायचा. यरुशलेमच्या मंडळीसाठी मदत गोळा करताना पौलाने आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी भाऊ पाठवले, कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून.

काही बदलायचं असेल तर आधी विचारा. आमच्यातली बरीच कुटुंबं नगर-जालन्याकडून आलेली. थोरांना ढोलकी-टाळावरचं भजन हवं, पोरांना गिटार. बायबलमधल्या रहबाम राजाने वडीलधाऱ्यांचा सल्ला झिडकारून बरोबरीच्या मित्रांचं ऐकलं आणि इस्राएलचे दहा वंश त्याला सोडून गेले. म्हणून भजन बंद करण्याआधी ते म्हणणाऱ्यांच्या घरी जाऊन बसा. बहुतेक वेळा भजन आणि गिटार दोन्हींना जागा निघते.

तक्रार असेल तर ती ग्रुपवर टाकू नका. बायबलमधलं मत्तय १८:१५ सांगतं की भाऊ चुकला तर तो आणि तू एकटे असताना त्याला समजाव. हे वचन मला पाठ होतं. तरीही मी एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, ‘काही जण नेहमी उशिरा येतात.’ नाव घेतलं नव्हतं, पण कोण ते सगळ्यांना कळलं. पुढचे तीन रविवार त्या ताई आल्याच नाहीत. चौथ्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. दार उघडलं तेव्हा अंगावर कंपनीचा निळा शर्ट होता. रबाळ्याला रात्रपाळी करून त्या घरी न जाता थेट उपासनेला यायच्या. मी कधी विचारलंच नव्हतं.

तुमच्याकडून असं झालं तर आठवडा जाऊ देऊ नका. फोन नको, घरी जा. सोबत कुणाला नेऊ नका, कारणं सांगत बसू नका. ‘माझं चुकलं, आधी विचारायला हवं होतं,’ एवढं पुरतं. आणि दुखावलं ग्रुपवर असेल, तर हेच वाक्य त्याच दिवशी ग्रुपवरही लिहा.