चेंबरमधल्या रॅटकडे बघा: या चुका टाळा

बडोद्यात मार्च-एप्रिल आला की एम.फार्मच्या मुलांची थिसिससाठी पळापळ सुरू होते आणि आमच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये प्रयोग संपल्यावर रॅटना, म्हणजे प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरांना, बंद चेंबरमध्ये कार्बन डायऑक्साइड (सीओटू) देऊन मारताना होणाऱ्या त्याच त्या चुका नव्याने दिसायला लागतात. महिनोन्‌महिने रॅटचं वजन काटेकोर लिहिणारी मुलं त्याच्या शेवटच्या मिनिटांची नोंद एका ओळीत उरकतात: ‘सीओटू दिला.’ तो कुठे बसला, कधी कोलमडला, काही नाही.

श्वास थांबला म्हणजे मेला, हा समज सगळ्यात वाईट. पूर्वी मी ज्या लॅबमध्ये होते, तिथे एका मुलाने रॅटची छाती हलायची थांबताच व्हॉल्व्ह बंद केला, “थई गयुं, मॅडम” (झालं, मॅडम) म्हणत त्याला पिशवीत घातलं आणि फ्रीजकडे निघाला. बाहेर त्याचा मित्र बाइक चालू करून उभा होता. पिशवी मी उघडायला लावली. मागच्या पायाचं बोट चिमटीत दाबलं तर रॅटने पाय ओढून घेतला. तो मुलगा नंतर बराच वेळ काही बोलला नाही. फ्रीजमध्ये गेला असता तर तो रॅट तिथे शुद्धीवर आला असता.

श्वास थांबल्यावरही गॅस निदान एक मिनिट चालू ठेवायचा. मग बाहेर काढून छातीवर बोटं ठेवून ठोके बघायचे, बुबुळाला हलकासा स्पर्श करायचा, बोट दाबायचं. त्यानंतर मरण पक्कं करायला दुसरी पद्धत: हात बसलेल्या माणसाने मान निखळवणं किंवा छाती उघडणं. हे झाल्याशिवाय मी पिशवीला गाठ मारू देत नाही, मग कुणी कितीही तोंड वाकडं करो. नवजात पिल्लं तर कमी ऑक्सिजनमध्येही तग धरतात, त्यांना सीओटूने मरायला अर्ध्या तासाहून जास्त वेळही लागू शकतो. त्यांच्यासाठी मोठ्या रॅटचा हिशेब चालत नाही.

दुसरं माझं दुखणं फ्लोमीटरचं, म्हणजे गॅस किती वेगाने जातो ते दाखवणाऱ्या मापकाचं. व्हॉल्व्ह ‘अंदाजे’ फिरवणाऱ्यांना मी चेंबरजवळ उभं करत नाही. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दर मिनिटाला चेंबरच्या आकारमानाच्या 30 ते 70 टक्के गॅस जायला हवा. म्हणजे 20 लिटरच्या चेंबरला 6 ते 14 लिटर. भिंतीवर त्याच सूचनांच्या 2013 च्या आवृत्तीचा, 10 ते 30 टक्क्यांचा कागद असेल तर काढून टाका. गॅस नाका-डोळ्यांच्या ओल्या त्वचेवर कार्बोनिक आम्ल बनवतो आणि ते झोंबतं. म्हणूनच आधीच भरलेल्या चेंबरमध्ये शुद्धीवरचा प्राणी सोडणं हा क्रूरपणा आहे, वेळ वाचवणं नव्हे.

आता बघायचं काय? कोपऱ्यात थिजून बसलेला रॅट ‘शांत’ नसतो, बहुधा घाबरलेला असतो. भीतीत तो 22 किलोहर्ट्‌झच्या आसपास ओरडतो, आणि आपले कान 20 च्या पुढे ऐकत नाहीत. चेंबर हलकेच तिरका केल्यावर तो स्वतःला सावरत नसेल तर शुद्ध गेली समजा. ती वेळ लिहा. त्यानंतर तो आचके देतो. ते बघून घाबरलेली मुलं झाकण उघडतात, हवा आत जाते आणि गेलेली शुद्ध परत येते. दयेपोटी केलेला हा सगळ्यात मोठा घात. झाकणावर हात ठेवून उभे राहा.

अनोळखी रॅट एकत्र कोंबू नका, शक्यतो त्यांच्याच पिंजऱ्यात गॅस द्या. आधीच्या बॅचचा वास असलेला चेंबर धुतल्याशिवाय वापरू नका. ड्राय आइस (गोठवलेला सीओटू) नको, सिलिंडरच. डोळ्याभोवतीची लाली रक्त समजून पुसून मोकळे होऊ नका. ते पॉर्फिरिन, म्हणजे डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारं लाल रंगद्रव्य असतं, बऱ्याचदा ताणाची खूण, वहीत लिहा. आणि इथिक्स कमिटीने मंजूर केलेली पद्धत सिलिंडर संपला म्हणून त्या दिवशी परस्पर बदलायची नाही; काम उद्यावर ढकला, गाइडना मी सांगते.